एक मीटर, दोन नाकं

मेहुणा : म्हणजे हे पेट्रोलची वाफ मोजायचं मीटर खोटं बोलतंय, असं म्हणायचंय का तुम्हाला, दाजी?

दाजी : खोटं नाही म्हणत मी. बिघडलंय म्हणतो. खोटं बोलायला अक्कल लागते.

मेहुणा : तीन भोकांवर गप्प होतं. चौथं भोक टाकीला चिकटून पाडलं, तर बोंबलायला लागलं. बिघडलेली वस्तू अशी जागा बघून बिघडते का?

दाजी : नवीन आहे रे ते. कामावरचा पहिला दिवस आहे त्याचा. पहिल्या दिवशी सगळेच साहेबाला खूश करायला जरा जास्त आरडाओरडा करतात. मीही केला होता. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात एकाच्या परसातली माती बाधित आहे म्हणून मी अख्खी गल्ली रिकामी करायला निघालो होतो. नंतर कळलं, त्याने सायकलला तेल घालताना डबा लवंडला होता.

मेहुणा : इथे सायकल नाही. इथे बंद पडलेला पेट्रोलपंप आहे आणि खाली तीन टाक्या आहेत. आकडा बघा, सहाशे चाळीस.

दाजी : आकडे मला नको दाखवू. तीस वर्षं मी जमिनीखालच्या टाक्यांभोवतीची माती तपासतोय, ती या नाकाने. टाकी गळली की नाही, हे कचेरी मला विचारायची. माझं नावच त्यांनी 'नाक' ठेवलंय. नाक आलं का, नाकाला फोन लावा. एकदा मी रजेचा अर्ज दिला, तर कारकुनाने वर शेरा मारला, 'नाक दोन दिवस बंद'. आणि आता म्हणे नियम बदलला. मातीचा वास घ्यायचा नाही, तब्येतीला अपाय होतो, मीटर वापरा. तीस वर्षांनी आठवली यांना माझी तब्येत.

मेहुणा : मग नियम बाजूला ठेवा आणि घ्या वास. ही घ्या बरणी. अडीच मीटर खोलीवरची, टाकीच्या बुडाच्या पातळीची.

दाजी : घेतला मघाशी.

मेहुणा : मग?

दाजी : तू घेतलास?

मेहुणा : घेतला.

दाजी : मग?

मेहुणा : मी काय सांगणार? मी भोक पाडणारा माणूस. साहेब तुम्ही.

दाजी : नाही, पण तुझा चेहरा नेहमीसारखा झाला नाही. माती खराब असली की तू तोंड वाकडं करतोस, डावा डोळा बारीक करतोस. आज कोरा करकरीत उभा आहेस.

मेहुणा : तुम्ही काही बोलला नाहीत म्हणून मी उभा आहे.

बाई : ऐका, त्या बरणीचं झाकण लावता का जरा?

दाजी : आपण कोण?

बाई : मागे बालवाडी आहे, तिथली मी बाई. तुमचं ते भोक पाडायचं धूड आमच्या खिडकीशी येऊन उभं राहिलंय ना, तेव्हापासून वर्गात वास येतोय. आज नेमका आमचा वासाचा खेळ होता. मी डबीतून लिंबाची साल हुंगायला देतेय आणि बावीसच्या बावीस मुलं ओरडतायत, 'गाडी, गाडी'. साबण दिला तरी गाडीच. एकीने स्वेटर नाकावर ओढला, तिचं बघून बाकीच्यांनी ओढले. आता गाणं चाललंय, ते सगळं नाकातून.

दाजी : कसला वास येतोय?

बाई : कसला म्हणजे? पेट्रोलचा. बरणी हातात धरून तुम्ही मला विचारताय?

मेहुणा : दाजी, झाकण.

दाजी : लावतो. तसा येतोय वास, नाही असं नाही. आमच्या धंद्यात याला किरकोळ म्हणतात.

बाई : मी तुमच्यापासून बारा पावलांवर उभी आहे आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येतंय. तुमचे डोळे कोरडे आहेत, पण बघा, लाल झालेत.

दाजी : रात्री झोप झाली नाही, त्याने झालेत.

बाई : ह्यांचेही लाल झालेत. दोघांचीही झोप झाली नाही का? इकडे या जरा, त्या भोकापासून लांब. त्या झाडाखाली. हं. आता डोळे मिटा.

दाजी : मी? अहो बाई, मी इथला तपासनीस आहे.

बाई : मिटा. फसवून बघायचं नाही. ही डबी नाकाशी धरलीय. कशाचा वास आहे?

दाजी : हा कॉफीचा.

बाई : बरं. आणि या दुसऱ्या डबीत?

दाजी : साबण. अंगाचा नाही, कपड्यांचा.

बाई : आता तुम्ही सांगा. तुमचेही डोळे मिटलेले हवेत. या दुसऱ्या डबीत काय आहे?

मेहुणा : साबणच.

बाई : कोणता?

मेहुणा : कपड्यांचाच.

बाई : उघडा डोळे. पहिल्या डबीत लिंबाची साल होती. दुसरी रिकामी आहे.

मेहुणा : रिकामी?

बाई : आमच्या मोठ्या गटातली मुलं रिकाम्या डबीला रिकामी म्हणतात. साडेचार वर्षांची आहेत.

मेहुणा : दाजींनी साबण म्हटलं म्हणून मी साबण म्हटलं. दाजी, तुम्ही साबण कशाला म्हणालात?

दाजी : काहीतरी म्हणायला हवं होतं. कपड्यांचा असं कुठून सुचलं ते मात्र मलाही कळलं नाही. खोटं बोलणारा माणूस तपशिलाला फार जपतो.

बाई : तुम्हाला वास येतच नाही का?

दाजी : नाही.

बाई : कधीपासून?

दाजी : अडीच वर्षं झाली. आठ दिवस ताप होता. ताप उतरला, उठून बसलो, हिने कॉफी आणून दिली. कॉफी कसली, निव्वळ ऊन पाणी. मी चिडलो, म्हटलं पूड घालायला विसरलीस. तिने कप स्वतःच्या नाकाशी नेला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी लगेच म्हणालो, अगं, थट्टा केली. ती थट्टा आजपर्यंत चालू आहे. आधी वाटलं, आठवड्यात येईल परत. मग वाटलं, महिन्यात येईल. मग वाटणं बंद झालं.

मेहुणा : ताईला माहीत नाही?

दाजी : तुझ्या बहिणीला? रोज संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की मी म्हणतो, 'वा, काय वास सुटलाय.' एकदा असं म्हणालो तेव्हा ती फिनेलने फरशी पुसत होती.

मेहुणा : मग काय म्हणाली?

दाजी : म्हणाली, थकलायत तुम्ही, पडा जरा.

बाई : सांगितलं का नाहीत कोणाला? कचेरीत तरी?

दाजी : काय सांगू? गवयाचा गळा बसला तर तो मफलर तरी गुंडाळून फिरतो. नाक गेलं तर काय गुंडाळायचं? वरून बघायला ते होतं तसंच आहे. चष्मासुद्धा व्यवस्थित बसतो त्याच्यावर. आणि कचेरीत माझं दुसरं आहे काय? लोकांना माझं आडनाव आठवत नाही, नाक आठवतं. ते नाक घेऊन मी नव्या पोरापोरींना व्याख्यानं देत होतो, यंत्रं कशी बेभरवशाची असतात म्हणून. नाकाने कांदे सोलणं म्हणतात ते हेच.

बाई : पण मग अडीच वर्षं तुम्ही माती तपासत कशी होतात? तुम्ही स्वतः तपासता का एखादी लॅब तपासते? मला नीट सांगा. लहान मुलाला सांगतात तसं सांगा.

दाजी : सांगतो. हा गिरमिट फिरवून भोक पाडतो. दर अर्ध्या मीटरला मी त्यातली माती एका बरणीत भरतो. तीन मीटरचं भोक, म्हणजे सहा बरण्या. पण सहाच्या सहा लॅबला पाठवायच्या नसतात, एकच पाठवायची. जिला सगळ्यात जास्त वास येतो ती. लॅब तेवढीच तपासते आणि त्यावरून सगळी जमीन बरी की वाईट ते ठरतं. तर ती एक बरणी कोणती, हे ठरवायचं काम नाकाचं.

बाई : आणि नाक नव्हतं.

दाजी : नव्हतं.

बाई : मग ठरवत कोण होतं?

दाजी : हा.

मेहुणा : मी? मी कधी ठरवलं? मला आजवर एका शब्दाने विचारलं नाहीत तुम्ही.

दाजी : विचारायची गरज नव्हती. बरणी मी हुंगायचो, मग तुझ्या हातात द्यायचो. तू बरणी नाकाशी नेलीस की मी तुझ्या तोंडाकडे बघायचो. ज्या बरणीला तू तोंड वाकडं केलंस, ती लॅबला. मी मनात म्हणायचो, माझं नाक गेलं तर गेलं, घरात दुसरं आहे.

मेहुणा : दाजी.

दाजी : काय?

मेहुणा : बसा जरा. त्या खोक्यावर बसा.

दाजी : बसायला काय झालंय मला?

मेहुणा : मी सोळा वर्षांचा असताना सायकलवरून तोंडावर आपटलो होतो. नाकाचं हाड मोडलं. तेव्हापासून मला वास येत नाही.

दाजी : कशाचाच?

मेहुणा : कशाचाच. आता पन्नाशी आली. ताईला विचारा, ती होती तेव्हा घरी.

दाजी : आणि ते तोंड? डावा डोळा?

मेहुणा : तुम्ही बरणी नाकाशी धरून कधीकधी जास्त वेळ थांबायचात. मी समजायचो, काहीतरी सापडलं. तुम्ही एवढे मोठे तपासनीस, तुम्हाला सापडलं आणि मी मख्खासारखा उभा राहिलो तर बरं दिसत नाही. म्हणून करायचो तोंड वाकडं. आदराने.

दाजी : मी थांबायचो ते तू काय करतोस बघायला.

मेहुणा : मला काय माहीत?

दाजी : तीस वर्षांत एकदाही बोलला नाहीस तू.

मेहुणा : पहिली सत्तावीस वर्षं तुमचं नाक चालू होतं. माझं असलं काय, नसलं काय. आणि तुम्हीच मला कामावर घेतलंत. बहिणीच्या नवऱ्याला पहिल्याच दिवशी सांगू, की मला वास येत नाही? नंतर सांगायचं राहून गेलं.

बाई : थांबा. म्हणजे तुम्ही यांच्या तोंडाकडे बघत होतात आणि हे तुमच्या.

दाजी : हो.

बाई : वर्गात कोणी असं करताना दिसलं तर मी दोघांना वेगळं बसवते.

दाजी : आम्हाला कोणी बसवलं नाही, बाई. आमचं सगळीकडे कौतुक झालं. गेल्या वर्षी मला 'अचूक निदान' म्हणून शाल दिली. हा टाळ्या वाजवत होता.

मेहुणा : मनापासून वाजवत होतो.

बाई : मला हसू येतंय आणि ते येऊ नये असं वाटतंय. एक विचारते. दोन वर्षांपूर्वी या पंपाच्या मागच्या आवारातली माती कोणी तपासली होती? आमची बालवाडी बांधायच्या आधी?

दाजी : का?

बाई : आमच्या भिंतीवर तो रिपोर्ट लावलाय. काचेत, चौकट करून. 'माती स्वच्छ आहे, बालवाडीस हरकत नाही.' खाली सही. वाचता येत नाही, पण शेवटी एक लांब शेपूट आहे. मुलं तिला पाल म्हणतात.

मेहुणा : पाल दाजींची आहे.

बाई : मला वाटलंच. आता मी सांगते ते ऐका. मघाशी बरणीतून जो वास आला, तो मला नवीन नाही. आमच्या मागच्या खोलीत तो येतो. रोज नाही. सुट्टीनंतर दार उघडलं की येतो, दुपारी ऊन तापलं की येतो. बालवाडी सुरू झाली तेव्हापासून येतोय.

दाजी : मग बोलला नाहीत कोणाला?

बाई : कोणाला बोलणार? भिंतीवर कागद होता ना. मी कागदाखाली उभी राहायचे आणि स्वतःला सांगायचे, तज्ज्ञाने तपासलंय, तुझं नाक काय त्याच्याहून मोठं आहे? एका आईने विचारलं तर मी तिला बोट करून पाल दाखवली. म्हटलं, रस्त्यावरच्या गाड्यांचा येत असेल.

दाजी : माझ्या सहीपायी तुम्ही तुमचं नाक खोटं ठरवलंत. चांगलं चालणारं नाक.

बाई : मागच्या खोलीत मुलं झोपतात. जेवण झाल्यावर दीड तास. गाद्या जमिनीवर घालते मी. त्यातली दोघं उठली की डोकं दुखतं म्हणतात. मी म्हणायचे, झोप मोडली म्हणून दुखतंय, पाणी पी.

मेहुणा : दाजी, ते काम आठवतंय का तुम्हाला?

दाजी : मला आठवतंय ते. मागच्या आवारात आपण तीन भोकं पाडली होती.

मेहुणा : तीनच. उन्हाळा होता.

दाजी : तिन्ही भोकांच्या बरण्या आपण शेवटी एकदम हुंगायला घेतल्या, आधी सगळ्या वरच्या. तू पश्चिमेला तोंड करून उभा होतास. ऊन सरळ तुझ्या डोळ्यांत. पहिल्या भोकाची पहिलीच बरणी हातात घेतलीस आणि डोळे बारीक करून तोंड वाकडं केलंस. दुसऱ्या भोकाच्याही पहिल्याच बरणीला. तिसऱ्याच्याही. मग ऊन झाडामागे गेलं आणि उरलेल्या बरण्यांना तू गप्प. मला बरं वाटलं होतं. म्हटलं, वरच्या वर आहे, खाली काही नाही.

मेहुणा : ऊन होतं हो ते.

दाजी : म्हणजे लॅबला तिन्ही बरण्या वरच्या अर्ध्या मीटरच्या गेल्या.

बाई : त्यात वाईट काय झालं?

दाजी : वरचा अर्धा मीटर इथला नव्हता, बाई. आम्ही यायच्या आधी आवार सपाट करायला ट्रकने भर आणून टाकली होती. कुठल्यातरी डोंगराची. आम्ही तुमची जमीन तपासलीच नाही. आम्ही तो डोंगर तपासला. तो उत्तम होता.

बाई : आणि खाली?

दाजी : टाकी गळली असेल तर पेट्रोल खालच्या मातीतून उताराने सरकतं. उतार मागच्या बाजूला आहे. वाफ वर येते आणि फरशीला जिथे फट मिळेल तिथून खोलीत शिरते.

बाई : हे मीटर घेऊन आत चला. आत्ता.

मेहुणा : मुलं?

बाई : मदतनीस आहे त्यांच्यापाशी, ती पुढच्या वर्गात आहेत. आत या. चपला राहू देत. ही ती खोली. तो कोपरा, पाण्याचा पाइप जमिनीत जातो तो. तिथे लावा.

मेहुणा : फरशीला टेकवलं. थांबा, चढतोय आकडा. चाळीस. साठ. ब्याऐंशी.

बाई : आणि बाहेर, मोकळ्यावर?

मेहुणा : रस्त्याकडेला धरलं होतं सकाळी. शून्य होतं.

बाई : मघाशी खिडकीतून तुमचं ऐकलं मी. अजूनही मीटर बिघडलंय म्हणता?

दाजी : नाही. या खोलीत बिघडलेलं एकच यंत्र आहे आणि ते चपला घालून उभं आहे. बाई, ही गादी इथे कोणाची?

बाई : डोकं दुखतं म्हणते ना, तिची. तिला कोपरा आवडतो.

दाजी : मला लाज वाटते. आतापर्यंत मी सगळं हसण्यावारी नेलं, इथे जमत नाही. मुलांना या इमारतीतून बाहेर काढा. वस्तू गोळा करत बसू नका, गाद्या, दप्तरं सगळं राहू दे. रस्त्यापलीकडे ते वाचनालय आहे, तिथे न्या. आणि डोकं दुखणाऱ्या दोघांना आजच डॉक्टरांकडे न्यायला सांगा. काय झालंय ते डॉक्टरांना मी लिहून देतो.

बाई : नेते. आणि त्यांच्या घरच्यांना फोन करते, एक वाजेपर्यंत या म्हणून.

मेहुणा : गेल्या बाई. दाजी, एक बोलू?

दाजी : बोल.

मेहुणा : आपण आज टाकीशी भोक पाडलं. पाडताना धक्का लागला, जुनं काहीतरी सांडलं, त्याचा वास आत गेला. असं लिहिता येईल. कोण बघायला आलंय? तुमच्या नोकरीचे चौदा महिने राहिलेत.

दाजी : तू आत्ता बोललास. मी पाइपाच्या कोपऱ्यात उभा असताना माझं सगळं वाक्य तयार झालं होतं. 'उत्खननकार्यादरम्यान उद्भवलेल्या तात्कालिक परिस्थितीमुळे.' इतकं सुरेख वाक्य मला तीस वर्षांत सुचलं नव्हतं.

मेहुणा : मग?

दाजी : मग ती गादी दिसली. आणि ते लिहिलं तर काय होईल? चार दिवस खिडक्या उघड्या ठेवतील आणि मुलं पुन्हा तिथेच झोपतील. आणि तुला हा एकच पंप दिसतोय. अडीच वर्षांत आपण किती जागा केल्या?

मेहुणा : वही गाडीत आहे. तिसाच्या वर असतील.

दाजी : एकतीस. एकतीस जागी मी तुझं तोंड वाचून सही केलीय. त्या कशावर बांधल्यात, कोण झोपतं तिथे, मला माहीत नाही. सगळ्या पुन्हा कराव्या लागणार. मीटर घेऊन, सहाच्या सहा बरण्या पाठवून. कचेरीने मला ठेवलं तर मी करीन, नाही ठेवलं तर दुसरं कोणी करील, पण यादी मला द्यायलाच हवी. फोन दे तुझा, माझ्याकडे साहेबांचा नंबर 'उचलू नये' या नावाने आहे आणि त्या नावाला स्वतःहून फोन लावायला माझं बोट धजत नाही.

मेहुणा : हा घ्या. मी यंत्र बंद करून येतो, भोकावर झाकण टाकतो.

दाजी : आलास? आटोपलं?

मेहुणा : आटोपलं. काय म्हणाले साहेब?

दाजी : म्हणाले, 'नाक, थट्टा पुरे, कामाचं बोला.' तीनदा म्हणाले. माणसाने तीस वर्षं विनोदी म्हणून नाव कमावलं की खरं बोलायला तीनदा बोलावं लागतं. चौथ्यांदा त्यांना पटलं. मग म्हणाले, सगळ्या रिपोर्टांच्या फायली संध्याकाळपर्यंत टेबलावर हव्यात आणि मी उद्या घरी थांबावं.

मेहुणा : माझ्याबद्दल बोललात?

दाजी : तोंड तुझं होतं, सही माझी. तोंडाबद्दल मी अवाक्षर काढलं नाही.

मेहुणा : काढायला हवं होतं. लिहा तेही. आणि ताईला?

दाजी : तिला घरी जाऊन सांगतो. दारातूनच. वास काय सुटलाय म्हणायच्या आत.

बाई : मुलं पोचली पलीकडे. सगळी रांगेत गेली, कोणी काही विचारलं नाही. मी फोनही केले, घरचे निघालेत. त्यांना काय सांगायचं ते मी बघते.

दाजी : नाही, बाई. ते मी सांगतो.

बाई : तुम्हाला ओळखतंही नाही कोणी.

दाजी : म्हणूनच. पाल कोणाची ते तरी कळू दे त्यांना.

बाई : मग मीही बाजूला उभी राहते. मला वास येत होता आणि मी बोलले नाही. कागद तुमचा होता, पण जीभ माझी होती. 'गाड्यांचा वास' हे मी म्हणालेय, तुम्ही नाही. मलाही सांगावं लागेल. मघाशी फोनवर त्या मुलीच्या आईला मी नुसतं 'लवकर या' म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

दाजी : मला सुरुवात कशी करायची ते सांगाल का? मी रिपोर्ट लिहितो, माणसांशी बोलत नाही.

बाई : आधी काय चुकलं ते सांगायचं. मग का चुकलं. मग आता काय करायचं. वाक्यं लहान. करा बघू.

दाजी : आदरणीय पालकहो, दोन वर्षांपूर्वी केलेल्या मृदा परीक्षणात काही तांत्रिक कारणांस्तव...

बाई : नाही.

दाजी : दोन वर्षांपूर्वी माती तपासताना काही त्रुटी राहून...

बाई : राहून गेल्या नाहीत. कोणी ठेवल्या?

दाजी : मी ठेवल्या. मी माती नीट तपासली नाही. ती स्वच्छ आहे असं लिहिलं. ती स्वच्छ नाही.

बाई : आता बरोबर. एवढंच. आणि हसवू नका त्यांना.

दाजी : ते कठीण आहे. सवय आहे.

बाई : माहीत आहे. म्हणूनच सांगितलं.

(एक वाजायला दहा मिनिटं. बालवाडीचं फाटक. तिघं बाहेर उभे.)

मेहुणा : तो बघा, एकजण आला. मोटारसायकलवरून. हेल्मेट काढतोय.

बाई : कोपऱ्यात झोपते ना, तिचे बाबा.

मेहुणा : दाजी, मी बोलू का आधी?

दाजी : नको. तू माझ्याकडे बघू नकोस, मी तुझ्याकडे बघत नाही. दोघं समोर बघू.

बाबा : बाई, काय झालं? मुलं पलीकडे का नेलीत? आणि इथे वास कसला येतोय एवढा?

दाजी : मला येत नाही. म्हणूनच तुम्हाला बोलावलंय. या, बसून सांगतो.